सत्तावीस, बाहेर ये!

ज्याने रविवारी सकाळी, लोक चर्चला निघायच्या घाईत असताना, कुबीचेकांच्या घरी फोन करून "साडेतीनपर्यंत मला एक नाव लागेल" असं सांगितलं, त्याला नाव नको होतं. त्याला सुरी फिरवायला एक मान हवी होती. शनिवारी हाच माणूस, कॉलेजचा क्रीडाप्रमुख, मैदानाच्या वरच्या काचेच्या खोलीत देणगीदारांच्या पेल्यांत बर्फ टाकत बसला होता. खाली शेवटच्या चार सेकंदांत आपल्या संघाचे अकराऐवजी बारा गडी उभे आहेत हे त्यालाही दिसलं नाही. ते बघणं माझं काम नाही, असं तो म्हणेल. मग तुझं काम काय, हे प्लम क्रीक कॉलेजात त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून तर चौदा वर्षं झाली, तो तिथून हलत नाही.

मार्सीने ओव्हनमधून बदक बाहेर काढलं तेव्हा पाऊण वाजला होता. म्हणजे पावणेतीन तास. सकाळपासून ती असंच मोजत होती. चर्चमध्ये गुडघे टेकतानाही तिच्या ओठांवर प्रार्थना नव्हती, आकडे होते.

तिचा मुलगा डेरेक, संघाचा सहायक कोच, ओट्याशी उभा राहून वाफवलेल्या पिठाच्या लांब गोळ्याच्या चकत्या करत होता. सुरीने नाही, दोऱ्याने. कुबीचेकांच्या घरात तो गोळा दोऱ्यानेच कापतात. एरवी त्याच्या चकत्या एकसारख्या पडायच्या. आज एक जाड, एक पातळ, एक तिरकी.

"आई, मी माझंच नाव सांगणार आहे. विषय संपला."

"संपला कसा? सामना काय तू एकट्याने खेळलास?"

"कार्ड मी लिहिलं होतं. बदली मी पुकारली. मैदानावरचे गडी मोजायचा पगार मला मिळतो. आणखी काय राहिलं?"

मार्सीने पलीकडच्या खोलीकडे नजर टाकली. उत्तर दिलं असतं तर ते तिथे बसलेल्या म्हाताऱ्या बापाच्या कानावर गेलं असतं, आणि तेच तर टाळायचं होतं.

डेरेक खोटं बोलत नव्हता, पण पुरतं खरंही बोलत नव्हता. प्लम क्रीक एका गुणाने पुढे होतं. बावीस वर्षांनी विजेतेपद हाताशी आलं होतं. समोरच्या संघाला शेवटची एक किक मारायची होती, सत्तेचाळीस यार्डांवरून. अमेरिकन फुटबॉलमध्ये अशी किक दोन खांबांमधून गेली की तीन गुण. एवढ्या लांबची किक अडवायला उंच उडी मारणारा गडी लागतो. डेरेकने खिशातलं कार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं, एकतीस आत, सत्तावीस बाहेर. तो घसा फोडून ओरडला, "सत्तावीस, बाहेर ये!" एकतीस नंबरचा पोरगा धावत आत गेला. ज्याच्या जागी जायचं त्याच्या खांद्यावर हात मारायचा आणि त्याला बाहेर पिटाळायचं, ही त्यांची पद्धत. पोरगा सत्तावीस नंबर शोधत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. सत्तावीस नंबर मैदानावर नव्हताच. सत्तावीस नंबरच्या ग्रेडीने त्या दिवशी चव्वेचाळीसची जर्सी घातली होती. नऊ हजार लोकांच्या आरड्याओरड्यात ग्रेडीला डेरेकचा आवाज पोचला नाही. चेंडू निघाला. किक दोन यार्ड कमी पडली. लोकांनी टोप्या उडवल्या, बँड सुरू झाला, आणि मग कुणाला तरी नियमभंगाची खूण म्हणून पंचाने गवतावर टाकलेला पिवळा रुमाल दिसला.

बारा गडी. पाच यार्ड दंड. किक पुन्हा, पाच यार्ड जवळून. या खेपेला चेंडू दोन खांबांच्या बरोबर मधून गेला.

रात्रीच्या बातम्यांत मार्सीचा थोरला भाऊ, संघाचा मुख्य कोच रोलंड, कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "बदलीचं काम डेरेककडे होतं. मोजण्यात त्याची चूक झाली." भाचा म्हणाला नाही. डेरेक म्हणाला. आणि चव्वेचाळीसबद्दल चकार शब्द काढला नाही.

तो का काढला नाही हे मार्सीला ठाऊक होतं. त्याबद्दल तिने रात्री भावाला मनातल्या मनात माफही करून टाकलं होतं. चव्वेचाळीस हा लिओचा नंबर. लिओ सगळ्यांत मोठा. व्हिएतनामला गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि अजूनही बावीसच आहे. दरवर्षी घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात कॉलेज सोडून जाणाऱ्या एका खेळाडूला त्याची जर्सी मिळते. ही रीत म्हाताऱ्या ओटोने, या तिघांच्या बापाने, तो मुख्य कोच असताना घालून दिली. त्या जर्सीपायी सामना गेला हे छपन्न वर्षांच्या मुलीने शहाऐंशी वर्षांच्या बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"देदासमोर चव्वेचाळीसचं नाव काढायचं नाही," डेरेक हळू आवाजात म्हणाला. चेक वळणाच्या या घरात आजोबा म्हणजे देदा आणि बाप म्हणजे ताता. "सकाळी तूच म्हणालीस."

"म्हणाले."

"मग झालं तर. मी बत्तीस वर्षांचा आहे. कुठल्या तरी शाळेत शिकवीन. देदाला ते ऐकवण्यापेक्षा हे बरं."

"शाळेत शिकवशील म्हणे! गेल्या हिवाळ्यात घर घेतलंस. ज्याला अकरापर्यंत मोजता न आल्यामुळे विजेतेपद गेलं, त्याला इथून डेन्व्हरपर्यंत कोण उभं करणार आहे?"

डेरेकने दोरा ओढला. तो तुटला.

*

रोलंड आणि त्याची बायको जोलीन दीड वाजता आले. जोलीनच्या हातात खसखशीच्या कोलाच्यांचं, सारण भरलेल्या गोड पावांचं, ताट होतं, वर इस्त्रीचा रुमाल. रोलंडच्या हातात काही नव्हतं. त्याने दारातच टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न कळल्यासारखा उभा राहिला. या घरात तो जन्मला होता.

"ये," मार्सी म्हणाली.

"ताता कसा आहे?"

"खिडकीशी बसलाय. कालपासून चार वाक्यं बोललाय, त्यातली दोन कुत्र्याशी."

डेरेकने मामाकडे बघून मान हलवली. "कोच."

"डेरेक, घरी तरी कोच म्हणू नकोस."

"काल बातम्यांत तुम्ही मला भाचा म्हणालात का?"

जोलीन पटकन मध्ये शिरली. "अरे, बदकाचा वास बाहेरच्या गाडीपर्यंत आलाय. मार्सी, चरबी काढून ठेवलीस ना? मला थोडी दे हं, घरची संपलीय." कुणी ऐकलं नाही. ती आपली बोलतच राहिली. तिचा स्वभावच तसा. खोलीत शांतता पसरली की तिचा जीव गुदमरतो.

ओटो आला, आपल्या खुर्चीत बसला, प्रार्थना पुटपुटला आणि ताटात आंबवलेला कोबी वाढून घेतला. त्याचा उजवा हात टेबलावर होता आणि बोटं एकेक करून टेबलाला टेकत होती. ही त्याची जुनी खोड. एकतीस वर्षं प्रत्येक डावाआधी, म्हणजे दर वेळी चेंडू खेळात यायच्या आधी, तो आपले गडी असेच मांडीवर बोटं टेकवून मोजायचा.

"खारट नाही ना झालं, ताता?"

"नाही."

"आणखी वाढू?"

"पोरी, मी जेवतोय."

काटे-चमचे वाजत राहिले. मार्सीने घड्याळाकडे बघितलं. दोनला पाच कमी.

रोलंडने घसा साफ केला. "डेरेक, मला वाटतं आपण समजूतदारपणे घ्यावं. नियामक मंडळाची बैठक उद्या आहे. त्याआधी त्यांना एक नाव दिलं की मग बाकीच्यांना ते हात लावणार नाहीत. तू स्वतःहून राजीनामा दिलास तर मी शिफारशीची चिठ्ठी देईन. चांगली चिठ्ठी."

"कशाची? मोजता येतं अशी?"

"टिंगल करू नकोस."

"मी टिंगल करत नाहीये, कोच. मी तयार आहे. काल रात्रीच ठरवलंय. फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं की मी जावं."

रोलंड ताटाकडे बघत राहिला. मार्सीच्या तोंडाशी शब्द आले. तिने ते पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकललं. ताता समोर आहे. गप्प बस.

"हे बघ, डेरेक," जोलीन म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखरच मायेचा होता, हे मार्सीला पुढेही कबूल करावं लागलं. "तुझं आयुष्य पुढे पडलंय. रॉलीची दोन वर्षं उरलीत. दोन वर्षांत पेन्शन पुरी होते. आता काढलं तर अर्धी. त्याचं हृदय तुला माहीतच आहे. गुरुवारी तो फोन आला तेव्हापासून तो झोपलेला नाही रे. मला म्हणाला, जोलीन, हे मला बरं वाटत नाही, पण नाही कसं म्हणू—"

ती थांबली, पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

"गुरुवारी?" मार्सीने विचारलं. "सामना शनिवारी झाला. गुरुवारी कसला फोन?"

"काही नाही गं. तिकिटांचं काहीतरी."

"रॉली, गुरुवारी कुणाचा फोन आला होता?"

"मार्सी, जेवताना नको."

"तूच जेवताना माझ्या पोराचा राजीनामा मागितलास. तो चालतो?"

रोलंडने मानेनेच बापाकडे खूण केली. त्याच्यासमोर नको, अशी ती खूण. सकाळपासून मार्सी जी खूण डेरेकला करत होती, तीच. या क्षणी मात्र ती बघून तिला शिसारी आली. म्हाताऱ्याला जपायचं म्हणून घरातली चार माणसं तोंड शिवून बसली होती, आणि त्या गप्प बसण्याचा फायदा एकट्या रोलंडला होत होता.

"जर्सी," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. "जर्सी पहिल्या डावानंतर उतरवायची असते. पोरगा खेळतो एक डाव, पंचाला सांगतो, कडेला येतो आणि स्वतःचा नंबर घालतो. कायम तसंच होतं. म्हणून डेरेकने शुक्रवारी कार्डावर सत्तावीस लिहिलं. यंदा ग्रेडीने ती उतरवली का नाही?"

"आई," डेरेक म्हणाला, "आई, नको."

"गप रे! रॉली, का नाही उतरवली?"

रोलंडऐवजी जोलीनच बोलली. तिचे हात रुमालाशी खेळत होते. "वरून सांगितलं होतं. टीव्हीवाले येणार होते. तिकिटावर लिओचा फोटो छापला होता. एका डावात काय दिसणार, म्हणाले, सामनाभर राहू दे अंगात. देणगीदारांना बरं वाटेल."

"आणि हे तुला गुरुवारी कळलं," मार्सी भावाला म्हणाली. "डेरेकने कार्ड शुक्रवारी लिहिलं."

डेरेकच्या हातातला काटा ताटावर पडला. त्याला हे माहीत नव्हतं. मार्सीला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की कालपासून तो स्वतःलाच खात होता. जर्सी ग्रेडीच्या अंगात का राहिली, हे विचारायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं.

"मी दिवसभर बघत होतो ती जर्सी," डेरेक हळूहळू म्हणाला. "तीन तास. मला वाटलं, पोराला उतरवावीशी वाटत नसेल. छान वाटलं उलट. आणि कार्ड खिशात होतं. एकदासुद्धा डोक्यात आलं नाही. ती चूक माझीच आहे, कोच. ती मी कुणाला देत नाही. पण तुम्ही मला एक शब्द बोलला असतात तर मी कार्ड बदललं असतं. एक आकडा खोडायचा होता."

रोलंडने ताट दूर सारलं. मग टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"मी मोजले होते."

सगळे वळले. ओटोची बोटं थांबली होती.

"बारा," तो म्हणाला. "किकच्या आधी. मी उभा राहून ओरडलो. पुढच्या रांगेतल्या बाईला वाटलं मला काही होतंय, तिने मला खाली बसवलं." त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. "एकतीस नंबरचा पोरगा कुणाला तरी शोधत होता. मला कळत होतं तो कुणाला शोधतोय. तुम्हाला काय वाटलं, मला दिसत नाही?"

"ताता, आम्ही फक्त—"

"मला जपत होतात. कळलं. लिओचं नाव माझ्यापुढे घेतलं तर मी मरेन." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मार्सीला भीती वाटली. "एक डाव का, माहीत आहे का तुला, डेरेक?"

"रीत आहे, देदा."

"रीत मागाहून झाली. लिओ चार वर्षं माझ्या संघात होता आणि चार वर्षं मी त्याला बाकावर बसवलं. लोक म्हणतील बापाने पोराला घेतलं, म्हणून. शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, एक डाव दिला. तोही आपण पंचवीस गुणांनी पुढे असताना. मार्चमध्ये तो व्हिएतनामला गेला." तो थांबला. "म्हणून एक डाव. मी त्याला जेवढं दिलं तेवढंच. जास्त दिलं होतं असं कुणाला वाटू नये. ती जर्सी सन्मान नाही रे. ती माझी कबुली आहे."

मार्सीने हे कधी ऐकलं नव्हतं. एवढी वर्षं ती त्या डावाला टाळ्या वाजवत आली होती.

"आणि तुम्ही ती सामनाभर घालून तिची तिकिटं विकली," ओटो म्हणाला.

फोन वाजला.

घड्याळात अडीचच झाले होते. काचेच्या खोलीतल्या त्या माणसाला धीर नव्हता, आणि रोलंड इथे जेवायला असणार हे त्याला ठाऊक होतं. रोलंड उठायला लागला, पण ओटोने हात वर केला आणि साठीला टेकलेला तो माणूस पुन्हा खाली बसला.

"मार्सी, त्यातलं ते बटण दाब. सगळ्यांना ऐकू येतं ते."

तिने फोन टेबलावर, बदकाच्या हाडांशेजारी ठेवला आणि बटण दाबलं.

"रोलंड?" आवाज घाईतला, मऊ. "थोडा लवकरच केला. मंडळातले दोघं माझ्याजवळच बसलेत. नाव पक्कं झालं ना? निवेदन मी लिहून ठेवलंय, फक्त—"

"थांब," ओटो म्हणाला. "मी ओटो कुबीचेक बोलतोय."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "सर! सर, आपल्याला त्रास—"

"थांब म्हणालो." मग तो मुलाकडे वळला. लहानपणी खिडकी फोडली की ज्या आवाजात विचारायचा त्याच आवाजात त्याने विचारलं. "रोलंड, गुरुवारी तुला कळलं. मध्ये अख्खा शुक्रवार होता. डेरेकला का सांगितलं नाहीस?"

रोलंडने बायकोकडे बघितलं. इतका वेळ त्याच्यासाठी भांडणारी जोलीन आता त्याच्याकडे बघत नव्हती. ती आपला रुमाल चार घड्या करून, पुन्हा उलगडून, पुन्हा घड्या करत होती. "सांग रॉली," ती खाली बघूनच म्हणाली. "पेन्शन अर्धी तर अर्धी. मला तुझ्याशेजारी बसून जेवता आलं पाहिजे."

"सांगितलं असतं तर त्याने मार्सीला सांगितलं असतं," रोलंड म्हणाला. त्याचा आवाज कॅमेऱ्यापुढचा नव्हता. "मार्सीने तुला. आणि तू नाही म्हणाला असतास. मग मला त्यांना नाही म्हणावं लागलं असतं. माझा करार यंदा संपतोय, ताता. मला 'नाही' म्हणता आलं नाही. मला वाटलं, एक जर्सी तर आहे. कुणाचं काय जातंय." तो फोनकडे बघून बोलू लागला. "बदलीचं कार्ड जुनं राहिलं ते माझ्यामुळे. मी माहिती दाबून ठेवली. काल मी बातम्यांत जे बोललो ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. हे लिहून घ्या."

"रोलंड, हे बघ, भावनेच्या भरात काही—" मऊ आवाज घाईघाईने म्हणाला. "ही घरातली चर्चा दिसतेय. मी असं करतो, तासाभराने पुन्हा—"

"ठेवू नका!" मार्सी ओरडली.

ती केव्हा उभी राहिली हे तिलाही कळलं नाही. दोन्ही हात टेबलावर, चेहरा फोनवर ओणवा. डेरेक तिच्याजवळ येऊन उभा राहिला होता आणि त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता.

"सकाळपासून तुम्हाला नाव हवंय," ती म्हणाली. "माझ्या मुलाने स्वतःची चूक सांगितली. माझ्या भावाने त्याची सांगितली. माझ्या बापाने तर चाळीस वर्षांपूर्वीची सांगितली, ती कुणी मागितली नव्हती. आता तुमच्याजवळ मंडळातले दोघं बसलेत ना? त्यांना ऐकू येईल असं बोला. गुरुवारी संध्याकाळी फोन करून ती जर्सी सामनाभर पोराच्या अंगात ठेवायला कुणी सांगितलं?"

फोनमध्ये कुणीतरी खोकलं. तो मऊ आवाज नव्हता, दुसराच कुणी होता.

"आम्ही पाच माणसं इथे बसलोय आणि आम्हाला कुठेही जायचं नाही," मार्सी म्हणाली. "तुम्ही सांगितलंत की नाही? हो की नाही, एवढंच बोला."